रविवारी चुकणारा नेम

वयाचा विषय निघाला की हिल्का मोइलानेनचं डोकं फिरायचं, आणि त्या उन्हाळ्यात तो विषय दर रविवारी निघत होता.

फिनलंडातल्या तिच्या गावच्या नेमबाजी मंडळाच्या स्पर्धा रविवारी असत. त्यात एक गट जुन्या लष्करी रायफलींचा. युद्धाच्या काळातली, दर गोळीला हाताने बोल्ट मागेपुढे ओढायची रायफल, दुर्बीण नाही, पोटावर पालथं पडायचं, दीडशे मीटरवर कागदाचं लक्ष्य, दहा गोळ्या, शंभर गुण. हिल्का या गटात तीस वर्षं होती. त्यातली वीस नवऱ्याच्या, आर्वीच्या शेजारी पडून, आणि तो गेल्यावरची दहा त्याच्याच रायफलीमागे. रायफल तिच्या नावावर करताना पोलीस ठाण्यातल्या पोरसवदा शिपायाने विचारलं होतं, भिंतीवर टांगायला हवीय का. त्यावर तिने जे ऐकवलं, ते पुढे बदली मागून घेतल्यावरही तो विसरला नसेल.

नव्वदच्या खाली ती क्वचितच उतरायची. या वर्षी मे महिन्यापासून मात्र रविवारचा कागद बघवत नव्हता. पहिल्या दोन गोळ्या बऱ्या, तिसरी वर, पाचवी वर आणि उजवीकडे, आठवी कागदावर शोधावी लागायची. बासष्ट. पासष्ट. एकदा तर अठ्ठावन्न. आणि बुधवारी सरावाला तीच बाई, तीच रायफल, त्याच खोक्यातली काडतुसं, आणि गुण एक्क्याण्णव.

मंडळातल्या लोकांना यात कोडं असं काही दिसलंच नाही. सरावाला जमतं आणि स्पर्धेला हात कापतो, म्हणजे दुसरं काय असणार? शहात्तर वर्षांची बाई आहे. मंडळाचा प्रमुख रायमो हा भला माणूस. आर्वीच्याच हाताखाली शिकलेला. त्याने कुणाला न सांगता हिल्कासाठी एकावर एक दोन चटया घालायला सुरुवात केली, चालायला कमी पडावं म्हणून तिला मंडळाच्या खोपटाजवळची पहिली जागा दिली, आणि शेवटची गोळी झाडून झाली की तिला उठवायला कोपराखाली हात द्यायला तो स्वतः यायचा. हिल्का तो हात झटकायची. पाठीमागे कुजबुजणारा माणूस तिला चालला असता, त्याला तिने सरळ केला असता. पण कीव करणाऱ्याचं काय करायचं, हे तिला कधी कळलंच नव्हतं.

सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी एकसष्ट गुण घेऊन ती घरी आली तेव्हा मुलगा यार्मो औलू शहराहून आलेला होता. त्याला रायमोने फोन केलेला दिसत होता, कारण त्याने गुण विचारले नाहीत. वेलचीचे गोड पाव त्याने स्वतःच मांडले, कॉफी ओतली, आणि मग बशीकडे बघत म्हणाला की रायफल विकून टाकूया. कायानीच्या बंदुकांच्या दुकानदाराशी बोलणं झालंय. जुन्या चांगल्या ठेवलेल्या रायफलींना गिऱ्हाईक असतं.

"माझ्या रायफलीचं बोलणं तू परस्पर करून आलास?" हिल्का म्हणाली.

"आई, चिडू नकोस. उद्या गोळी कुठेतरी भलतीकडे गेली म्हणजे?"

"भलतीकडे म्हणजे कुठे? मागे मातीचा बांध आहे. बांधाला लागली तर बांध रडणार आहे का?"

यार्मो मान खाली घालून बशीतला पावाचा चुरा गोळा करायला लागला. मान खाली घातली की तो अगदी बापासारखा दिसायचा, आणि त्यामुळे हिल्काचा पारा आणखीनच चढायचा. त्या भरात ती बोलून गेली. महिनाअखेरीला मंडळाची शरद स्पर्धा आहे. त्यात ऐंशीच्या खाली आले तर ने रायफल. मी स्वतः गाडीत ठेवून देईन. ऐंशी किंवा वर आले तर पुन्हा हा विषय या टेबलावर निघता कामा नये. यार्मोने मान डोलावली. त्याला ते इतक्या लवकर पटलं की हिल्का काय ते समजली. ऐंशी होणार नाहीत याची त्याला खात्रीच होती.

तो गेल्यावर तिने कपबशा विसळल्या आणि तशीच ओट्याशी उभी राहिली. एक गोष्ट तिने कुणालाच सांगितली नव्हती. ऑगस्टमध्ये ती एकटीच बसने कायानीला जाऊन डोळे तपासून आली होती. उजव्या डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात आहे, डॉक्टर म्हणाला होता, अजून काही करायची गरज नाही. तेव्हापासून तिचं तोंड पूर्वीसारखंच चालत होतं, पण आतून तिलाही वाटायला लागलं होतं की बाकीचे म्हणतात ते खरं असेल. संपलं असेल आपलं. हे तिने स्वतःशी कबूल केलं होतं, आणि त्याचाच तिला सगळ्यात जास्त राग होता.

पुढच्या शनिवारी तिने नेहमीप्रमाणे अंगणातली सॉना तापवली. बर्चची लाकडं, तापलेल्या दगडांवर पाणी, श्वास कोंडेल इतकी वाफ, सगळं नेहमीसारखं. अंग भाजून निघाल्यावर ती बाहेरच्या, कपडे बदलायच्या खोलीत आली आणि गार वाऱ्यासाठी अंगणाचं दार ढकललं. दार हललं नाही. तिने खांदा लावला. दार करकरत उघडलं.

उघडलेल्या दारात ती पंचा गुंडाळून उभी राहिली. हे दार गेल्या शनिवारीही अडकलं होतं. त्याच्या आधीच्याही. आणि मंगळवारी ती सरपण आणायला यायची तेव्हा ते बोटाने ढकललं तरी उघडायचं. त्यात नवल काही नव्हतं. वाफ खाऊन लाकूड फुगतं, दोन-तीन दिवसांत वाळलं की आकसतं. फिनलंडात जन्मलेल्या माणसाला हे कुणी शिकवावं लागत नाही.

तिने मान वळवली. दारापासून हातभर अंतरावर, त्याच भिंतीला, बंदुकीचं लोखंडी कपाट बोल्टने ठोकलेलं होतं.

कपाट तिथे एप्रिलमध्ये आलं होतं. त्याआधी ते घरातल्या मागच्या खोलीत होतं. आईला धुणं घेऊन तळघराच्या पायऱ्या उतराव्या लागू नयेत म्हणून यार्मोने सुट्टीचे दिवस खर्ची घालून त्या खोलीत धुण्याचं यंत्र आणि न्हाणी बसवली, आणि कपाट उचलून इथे आणलं. चांगली कोरडी जागा आहे, असं तोच म्हणाला होता, आणि आठवड्याचे पाच दिवस ती होतीही. पण दर शनिवारी सॉना झाल्यावर हिल्का इथेच बाकावर बसून कपाट सताड उघडायची, रायफल मांडीवर घ्यायची, आणि दुसऱ्या दिवशीच्या स्पर्धेसाठी सावकाश पुसत बसायची. आतल्या खोलीचं दार उघडं, सगळीकडे वाफ. पूर्वी हे काम स्वयंपाकघरात टेबलावर व्हायचं.

अंगावर कपडे चढवायच्या आधी तिने वर्तमानपत्राची एक अरुंद पट्टी फाडली. ही आर्वीची तपासणी. रायफलीची लोखंडी नळी लाकडी दस्त्याच्या खोबणीत बसते, पण तिने लाकडाला मधे कुठे टेकायचं नसतं. गोळी सुटताना नळी थरथरते, आणि ती दर वेळी सारखीच थरथरली तर गोळ्या एका ठिकाणी जातात. लाकूड एका बाजूने दाबायला लागलं, आणि त्यात नळी तापून पसरली, की प्रत्येक गोळी वेगळ्या वाटेने जाते. म्हणून कागदाची पट्टी नळीखाली घालायची आणि टोकापासून मागेपर्यंत ओढायची. ती सुळकन सरकली पाहिजे. हिल्काने रायफल काढली, नेहमीएवढा वेळ वाफेत मांडीवर ठेवली आणि मग पट्टी घातली. ती वीतभर सरकली आणि अडकली. तिने जोर केला तेव्हा ती फाटली.

हिल्का आधी मोठ्याने हसली. मग बाकावर बसून रडली. एवढा उन्हाळा ती स्वतःच्या हाताला, डोळ्याला, वयाला शिव्या देत होती, आणि शेजारी भिंतीला ठोकलेलं ते कपाट दर शनिवारी तिच्याबरोबर सॉना घेत होतं.

दुसऱ्या दिवशीच्या स्पर्धेला ती गेलीच नाही. मंडळात काय बोलणं झालं असेल ते तिला घरबसल्या ऐकू येत होतं. मंगळवारी तिने पुन्हा पट्टी घातली. ती सुळकन मागेपर्यंत गेली. आता शंका उरली नाही. तिने रस्त्यापलीकडच्या ताइमीला हाक मारली.

ताइमी तिच्याच वयाची, गुडघ्याने थोडी अधू, पण जिभेने धडधाकट. दोघींनी पाना लावून कपाटाचे बोल्ट सोडवले, रिकामं कपाट जुन्या सतरंजीवर आडवं केलं आणि अंगणातून ओढायला लागल्या. मधेच थांबून ताइमी म्हणाली, "कुणी बघितलं तर म्हणेल, दोघी म्हाताऱ्या कुणाचा तरी नवरा पळवून चालल्यात."

"एवढा जड नवरा मी घेतला नसता," हिल्का म्हणाली.

कपाट तिने निजायच्या खोलीत ठेवलं, पलंगाच्या आर्वीच्या बाजूला. मग कॉफी पिता पिता तिने ताइमीला सगळं सांगितलं. ताइमीचं म्हणणं, आताच यार्मोला आणि रायमोला फोन कर आणि विषय संपव. हिल्काने मान हलवली. आत्ता सांगितलं तर ते म्हणतील म्हातारी सबबी सांगायला लागली. आधी कागद दाखवायचा, मग कारण.

त्यानंतर ती कामाला लागली. रायफलीचा बोल्ट काढून घेतला, ती रिकामी असल्याची दोनदा खात्री केली, खालचे दोन स्क्रू सोडले आणि नळी दस्त्यातून उचलली. खाली पितळी पत्र्याचे दोन लहान तुकडे होते. नळीची बैठक पक्की राहावी म्हणून आर्वीने ते घातले होते. मंडळातल्या दोघा-तिघांनी आपापल्या रायफलीतले असे तुकडे कचरा समजून फेकून दिले होते आणि मग रायफल जुनी झाली म्हणून बोंब मारली होती. हिल्काने तिचे तुकडे बशीत ठेवले आणि बशी फडताळात, म्हणजे मांजर खेळायला नेणार नाही.

खोबणीतलं लाकूड उघडंबोडकं होतं. आर्वीने कधीकाळी ते तासलं होतं आणि वर जे तेल पाजलं होतं ते केव्हाच सुकून गेलं होतं. असं लाकूड वाफ पिणार नाही तर काय करणार? तिने मेणबत्तीची काजळी नळीच्या खालच्या बाजूला धरली, नळी जागेवर बसवून दाबली आणि पुन्हा उचलली. जिथे लाकूड टेकत होतं तिथे काळा डाग उमटला. तेवढंच तिने काठीला गुंडाळलेल्या काचपेपरने घासलं. पुन्हा काजळी, पुन्हा डाग, पुन्हा घासणं. घाई करून जास्त घासलं तर लाकूड परत जोडता येत नाही, म्हणून ती मधेमधे उठून बटाटे काढायला शेतात जायची. डाग उमटेनासे झाले तेव्हा तिने जवसाचं तेल कोमट केलं, त्यात होड्यांना लावतात ते पाइनच्या लाकडाचं डांबर मिसळलं आणि खोबणीला पातळ हात दिला. तो वाळल्यावर दुसरा. मग तिसरा. घरभर डांबराचा वास सुटला. तिला तो आवडायचा. ताइमी म्हणाली, तुझ्या घरात होडी बांधताहेत असं वाटतंय.

नळी आतून पुसायची ती मागच्या बाजूने. पुढून गज घातला तर नळीच्या तोंडाची कड घासली जाते, आणि ती कड म्हणजे गोळीचा उंबरठा, तिथे ती अडखळली की पुढे सगळंच बिघडतं. शेवटी पितळी तुकडे जागेवर, नळी वर, आधी पुढचा स्क्रू घट्ट, मग मागचा. मनगटाने बास म्हटलं की थांबायचं.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी ताइमीने विचारलं की उद्याचं महत्त्वाचं आहे तर आजची सॉना राहू दे का. हिल्काने तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की ताइमीने विषयच बदलला. सॉना तापली, दार अडकलं, खांद्याने उघडलं. रायफल निजायच्या खोलीत कोरडी होती.

रविवारी यार्मो तिला न्यायला आला. गाडीतून उतरून आधी तो हात धुवायला सॉनाच्या बाहेरच्या खोलीत गेला आणि परत आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर प्रश्न होता. कपाट कुठे गेलं? हिल्का म्हणाली, नंतर सांगते, गाडी काढ. रायफलीच्या नळीतून तिने सकाळीच कोरडा कपडा फिरवला होता, कारण तेल राहिलं तर पहिली गोळी भलतीकडेच जाते.

रायमोने दोन चटया घातल्या होत्या. हिल्काने वरची उचलली, गुंडाळली आणि त्याच्या हातात दिली. बाजूच्या जागेवरचे दोघे एकमेकांकडे बघत होते. यार्मो मागे कठड्याला टेकून उभा राहिला.

पहिली गोळी सुटली तेव्हाच तिला खांद्यातून कळलं. दुसरी, तिसरी. रायफल दर वेळी त्याच ठिकाणी उडत होती आणि त्याच ठिकाणी परत येत होती. पाचव्या गोळीला, जिथे आतापर्यंत सगळं वर सरकायला लागायचं, काहीच सरकलं नाही. तिला इतका आनंद झाला की क्षणभर थांबून श्वास घ्यावा लागला. सातवीच्या वेळी उजव्या डोळ्यात पाणी आलं आणि नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेम धरायचा खुंट, एकाच्या दोन दिसायला लागली. अशा वेळी रायफल खाली ठेवायची, डोळा मिटायचा, पुन्हा सुरू करायचं. हे तिने कितीतरी जणांना शिकवलं होतं. पण मागे मुलगा उभा होता, रायमो उभा होता, आणि त्यांच्यासमोर डोळा पुसायचा नाही म्हणून तिने चाप ओढला. आठवी आणि नववी नीट गेल्या. दहावीला माशी पुन्हा धूसर झाली, आणि तिने पुन्हा तेच केलं.

सगळे कागदांपाशी चालत गेले. हिल्काचा कागद रायमोने उतरवला आणि बराच वेळ हातात धरून ठेवला. मधोमध आठ भोकं होती, सगळी मिळून एका बशीखाली झाकली गेली असती. एक भोक खाली डावीकडे होतं आणि एक थेट कडेला. रायमोने दोनदा बेरीज केली. चौऱ्याऐंशी.

"काय केलंस तू हिला?" त्याने विचारलं.

हिल्काने सांगितलं. वाफ, दार, कपाट, पट्टी, डांबर. चार वाक्यांत. रायमोने कपाळावर हात मारून घेतला. बुधवारी वाळलेली आणि रविवारी फुगलेली रायफल सगळ्यांनी उन्हाळाभर बघितली होती, आणि सगळ्यांनी मिळून बाईला म्हातारी ठरवलं होतं. त्याचे कान लाल झाले.

यार्मो मात्र पांढरा पडला होता. "कपाट मी हलवलं होतं," तो म्हणाला.

"हो. ते चुकलंच. पण मी एवढे महिने एकदाही पट्टी सरकवून पाहिली नाही, ते जास्त चुकलं. तुम्ही सगळे म्हणत होतात म्हणून मलाही वाटलं, मीच गेले." तिचा आवाज थोडा चिरकला आणि तिला त्याचाही राग आला. "मला तसं वाटायला लावलंत, ते मात्र मी विसरणार नाही."

रायमोच पुढे झाला. कागदावरच्या त्या दोन लांबच्या भोकांवर बोट ठेवून तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "आणि हे दोन सोड. एवढी जुनी रायफल, एखाददुसरी गोळी फेकणारच. वारापण होता."

हिल्काने कागद त्याच्या हातातून घेतला.

"वारा नव्हता. आणि रायफलीला नावं ठेवू नकोस, तिने आज एकही चूक केलेली नाही. या दोन चुका माझ्या आहेत. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू धरतोय. मला माशी दिसत नव्हती आणि तरी मी चाप ओढला."

यार्मोने मान वर केली. "आई, म्हणजे डोळा खरंच..."

"खरंच. ऑगस्टपासून मला माहीत आहे." तिने कागद त्याच्यासमोर धरला आणि त्या दोन भोकांवर एकेक बोट ठेवलं. "उन्हाळाभर माझा डोळा किती गेलाय हे कुणालाच सांगता येत नव्हतं, मलासुद्धा. आता सांगता येतं. दहातल्या दोन. पुढच्या वर्षी कदाचित तीन होतील. ज्या रविवारी दहाच्या दहा चुका माझ्या निघतील, त्या रविवारी मी स्वतः रायफल तुझ्या गाडीत ठेवीन, तुला मागायला लागणार नाही. तोवर माझं म्हातारपण मी मोजेन. तुम्ही कुणी नाही."